वाळूतल्या अळीचे दात

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तिला सगळेच मावशी म्हणत. सर म्हणत, विद्यार्थी म्हणत, रसायनांची खोकी आणून देणारा टेम्पोवालासुद्धा दारातूनच "मावशी, सही!" म्हणून ओरडे. सव्वीस वर्षांत तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. गंमत अशी, की विभागात तिची सख्खी भाची एकच होती, आणि नेमकी तीच चारचौघांत तिला मावशी म्हणायला लाजायची.

"आणि कॉलेजात मला चिंगी म्हणू नकोस," भाची दबक्या आवाजात बजावायची. "पीएचडी करतेय मी."

"बरं, नाही म्हणत. पण दुसरी कुठली हाक मारली की तू वळूनच बघत नाहीस, त्याला मी काय करू?"

मावशीचं काम स्लाइड करण्याचं. कॉलेजच्या मागच्या तळ्यात नखाएवढ्या लालभडक अळ्या चिखलात नळ्या करून राहतात. त्यांची पुढे चिलटं होतात. दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाहीत; चावायला लागतं तसं तोंडच त्यांना नसतं. हे लोकांना कितीही सांगा, भिंतीवर दिसलं की चापट बसतेच. या चिलटांच्या जाती ढिगांनी, आणि मोठेपणी सगळी एकाच शिंप्याने कपडे शिवल्यासारखी सारखी. म्हणून जात ओळखायची तर अळीपासून सुरुवात करावी लागते. अळीच्या डोक्याखाली दातांची एक इवलीशी पट्टी असते, ते दात मोजायचे. आणि तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघायची. बाकी प्राण्यांची गुणसूत्रं शोधता शोधता डोळे फुटायची वेळ येते. या अळीची मात्र अशी जाडजूड, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांच्या मफलरसारखी पसरलेली दिसतात. तीन लांब आणि एक आखूड. कुठला पट्टा गडद, कुठला फिका, कुठे फुगवटा, कुठे आवळलेलं, यावरून जात कळते.

पण ती तशी पसरली पाहिजेत. सुईने ग्रंथी ओढून काढायची, जांभळट रंगाच्या थेंबात ठेवायची, वर पातळ काच, काचेवर टिपकागद, आणि मग अंगठा. सरळ खाली. केसभर सरकला की गुणसूत्रांचे तुकडे. हलका पडला की सगळा गुंता तसाच. मावशीचा उजवा अंगठा दाबून दाबून चमच्यासारखा चपटा झाला होता. दरवर्षी नवीन मुलं आली की विभागप्रमुख सर सांगायचे, "आमच्या विभागात दोन डॉक्टर आणि एक अंगठाबहाद्दर आहे. स्लाइड हवी असेल तर डॉक्टरांच्या नादी लागू नका." बारावी शास्त्र शिकलेली मावशी पहिली काही वर्षं यावर मनापासून हसली. नंतर सवयीने.

तिची एक रीत होती. ज्या अळीची ग्रंथी काढली, तिचं डोकं ती त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात उताणं बसवायची, वर छोटी काच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका विद्यार्थ्याने अकरा डोकी एका बशीत आणि अकरा ग्रंथी दुसऱ्या बशीत ठेवल्या, आणि कुणाचं काय ते कुणालाच सांगता येईना. त्याचं वर्ष गेलं. पुढे त्याने वह्या-पेनांचं दुकान काढलं. तेव्हापासून मावशीचा नियम: ज्याचं डोकं त्याच्याच स्लाइडवर. फसलेल्या स्लाइडसुद्धा ती फेकत नसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत वर्षवार लावून ठेवी. असे एकोणीस डबे कपाटावर बसले होते.

भाची तिच्याकडे पाच वर्षं राहत होती. भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, दोन तासांवरच्या गावी असे आणि रोज संध्याकाळी फोन करी. सुरुवातीला कधीतरी मावशी "माय मरो, मावशी जगो" म्हणाली होती, तर ताई फोनवरच फणकारली, "म्हण खरी करू नकोस, अजून जिवंत आहे मी!" गेले काही महिने मात्र ताईचा एकच प्रश्न होता. "तिचं होईल ना गं वेळेत?"

होईल अशीच चिन्हं होती. भाचीने पाणीपुरवठ्याच्या केंद्रातल्या वाळूच्या हौदांमधून अळ्या आणल्या होत्या. तिथे पाणी वाळूतून गाळतात. तळ्यातल्या अळीच्या दातांच्या पट्टीत मधल्या दाताला तीन टोकं असतात. वाळूतल्या अळीचा मधला दात एकसंध, गोल, लहान बाळाच्या हिरडीसारखा. चौऱ्याण्णव अळ्या बघितल्या, चौऱ्याण्णव तशाच. सर खुर्चीतून उठून तिच्या टेबलापाशी आले, आणि ते उठून कुणाच्या टेबलापाशी येत नसत. "नवी जात!" म्हणाले. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तेच ठरलं. महिनाअखेरीला दुसऱ्या गावच्या कॉलेजात मुलाखत होती. अट एवढीच, की तोवर प्रबंध दाखल झालेला हवा. बाकी सगळं लिहून तयार होतं. फक्त गुणसूत्रांची चित्रं राहिली होती, आणि भाचीचा अंगठा होता उतावळा. तेव्हा स्लाइड मावशीकडे आल्या.

पहिली स्लाइड दाबून मावशीने डोळा लावला आणि ती जरा वेळ तशीच वाकून राहिली. आखूड गुणसूत्रावर दोन फुगवटे. पहिल्या लांब गुणसूत्राला मधोमध आवळलेलं, जाड माणसाने पट्टा बांधावा तसं. दुसऱ्याच्या टोकाला तीन बारीक, एक जाड, पुन्हा दोन बारीक. हे तिला पाठ होतं. आपल्या गल्लीत अंधारातही पाय आपोआप वळतात, तशी तिची नजर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेली आणि कुठेही अडखळली नाही. ही तर तळ्यातलीच.

तिने आणखी सात दाबल्या. सातही त्याच. डब्यातल्या जुन्या स्लाइड काढून शेजारी ठेवल्या, आलटून पालटून पाहिल्या. काही फरक नाही.

दोन दिवस ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. भाची विचारी, "झाल्या का गं?" ही म्हणे, "होतायत." तिला राहून राहून वाटत होतं, आपलंच चुकत असेल. आपण दाबणारे, बघून अर्थ लावणारे वेगळे. आणि दात तर खरोखर वेगळे होते, कोपऱ्यातली डोकी तिनेच बसवली होती. गुणसूत्रं एक सांगत होती, दात दुसरं.

रविवारी सकाळी घराच्या मागच्या पडवीत काका करवतीला कानस मारत बसले होते. काका म्हणजे मावशीचे यजमान, सुतार. खर्र खर्र आवाजाने भाचीचा अभ्यास होत नाही म्हणून मावशी सांगायला गेली, तर ते करवत उजेडाकडे धरून तिला दाखवू लागले.

"बघ, काय अवस्था केलीय. नवीन माणसाला दिली, तर त्याने बांधकामावरच्या जुन्या फळ्या कापल्या. फळीला वाळू-सिमेंट चिकटलेलं. दाते गेले सगळे. हात फिरव, काही होत नाही."

मावशीने बोट फिरवलं. दात्यांच्या जागी नुसते उंचवटे राहिले होते.

"लाकडाने एवढे नाही झिजत?"

"लाकूड मऊ गं. लाकडात वर्ष काढेल. वाळूत चार दिवस."

मावशी उभी होती तिथेच पायरीवर बसली. काका घाबरले. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. तुम्ही घासा."

तळ्यातल्या अळ्या मऊ चिखलात चरतात. हौदातल्या अळ्या वाळूवरचं शेवाळ खरवडून खातात. आणि भाचीने आणलेल्या चौऱ्याण्णवही अळ्या चांगल्या धष्टपुष्ट, पूर्ण वाढलेल्या होत्या, कारण लठ्ठ अळीची ग्रंथी मोठी निघते. "लठ्ठ बघून उचल," हे तिला शिकवलं होतं कुणी? मावशीनेच. लठ्ठ म्हणजे वयाने मोठी, म्हणजे तेच दात सगळ्यात जास्त दिवस वापरलेली. करवतीचे दाते गेले म्हणून करवतीची जात बदलत नाही, हे काकांना सांगावं लागलं नसतं.

महिनाअखेर सतरा दिवसांवर होती. मावशीला आधी ताईचा आवाज आठवला, मग भाचीने मुलाखतीसाठी शिवून आणलेला निळा पोशाख. दुपारी भाचीला चहा देताना ती एकदा बोलायला गेली आणि "साखर बरोबर आहे ना?" एवढंच विचारून परत फिरली. संध्याकाळी फोन वाजला, तो तिने भाचीलाच घ्यायला लावला. ताईने विचारलंच असतं, आणि ताईशी खोटं बोललं की मावशीला कपाळ दुखायचं, लहानपणापासून.

सोमवारी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत तिने भाचीला दोन सूक्ष्मदर्शकांसमोर बसवलं. एकाखाली तळ्यातली, दुसऱ्याखाली वाळूतली. भाचीने बराच वेळ पाहिलं.

"सारखी आहेत," ती शेवटी म्हणाली. "मग काय? पट्टे सारखे असले म्हणून जात एक ठरत नाही, मावशी. जवळच्या दोन जातींचे पट्टे अगदी सारखे असू शकतात. पुस्तकात आहे."

हे मावशीला माहीत नव्हतं. ती मग म्हणाली, "असेल. पण दात झिजलेले असले तर?"

"काय?"

मावशीने करवतीची गोष्ट सांगितली. भाचीचा चेहरा ऐकता ऐकता आक्रसत गेला.

"काकांच्या करवतीवरून माझा प्रबंध ठरवायचा? सरांनी बघितलंय ते. सरांनी!" आणि मग जरा थांबून, खाली बघत, "तू स्लाइड दाब ना मावशी. वाचायचं काम माझं आहे."

मावशीने टिपकागदाचे तुकडे गोळा केले, टेबल पुसलं, आधीच स्वच्छ असलेलं. त्या दिवशी तिने आठ स्लाइड दाबल्या, त्यातल्या तीन फुटल्या. असं तिच्या हातून वर्षातून एकदाही होत नसे.

दुसऱ्या दिवशी भाची तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी. डोळे सांगत होते.

"तू म्हणतेस ते कसं तपासायचं?" तिने विचारलं. आवाजात तोरा होता, पण प्रश्न खरा होता. "झिजलेले आहेत की जन्मतःच तसे, हे कसं कळणार?"

"लहान आणायच्या. कात टाकायच्या बेतातल्या."

अळी वाढताना कात टाकते, तेव्हा डोक्याचं टोपणसुद्धा टाकते. नवीन डोकं, नवे दात. भाची वाचणारी होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "जुनं टोपण बशीतच राहील! म्हणजे एकाच अळीची दोन डोकी मिळतील. आधीचं आणि नंतरचं."

"एका बशीत एकच अळी ठेवायची मात्र," मावशी म्हणाली. "नाहीतर वह्या-पेनांचं दुकान काढावं लागेल."

भाची हसली नाही, पण तिने बशा धुवायला घेतल्या.

हौदातून बारा लहान अळ्या आल्या. बारा बशा, त्यांत हौदाचंच पाणी, आणि वाळूऐवजी टिश्यू पेपरचा मऊ लगदा. भाची दर दोन तासांनी जाऊन वाकून बघायची. "अगं, अशी टक लावून बघितलीस तर लाजून कात टाकायच्या नाहीत," मावशी म्हणायची. सर एकदा डोकावले. "हे काय नवीन?" भाची म्हणाली, "खात्री करतेय, सर." सर म्हणाले, "करा, करा. पण महिनाअखेर लक्षात असू द्या." ते गेल्यावर दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागल्या.

तीन अळ्या मेल्या. चौथ्या दिवशी सकाळी पाचव्या बशीत लगद्याच्या कडेला एक तपकिरी ठिपका दिसला, खसखशीच्या दाण्याहून बारीक. मावशीने ड्रॉपरने तो अलगद उचलला, थेंबात ठेवला, सुईच्या टोकाने उताणा केला. भाचीने डोळा लावला. जुनं टोपण. मधला दात एक, गोल.

मग तिने अळीच काचेवर एका थेंबात घेतली, जिवंत. अळी वळवळत होती. भाची श्वास धरून वाट बघत राहिली. अळी क्षणभर शांत पडली.

भाची बाजूला सरकली आणि मावशीला जागा दिली.

तीन टोकं. नव्या करवतीसारखी, स्वच्छ, टोकदार.

पुढच्या पाच दिवसांत उरलेल्या आठ अळ्यांनीही कात टाकली. आठही तशाच. त्या पुरेशा भरल्यावर मावशीने एकेकीची ग्रंथी काढून दाबली, आणि तिच्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा एका स्लाइडवर दोन डोकी बसवली: एका कोपऱ्यात टाकलेलं, दुसऱ्यात नवं, मध्ये गुणसूत्रं. एकाच अळीची तिन्ही. पट्टे अर्थात तळ्यातलेच.

नवव्या बशीची स्लाइड झाली तेव्हा महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते. भाची स्टुलावर बसून राहिली.

"आता तरी बोल," ती म्हणाली. "म्हण, मी सांगितलं होतं."

"मी कशाला म्हणू? लठ्ठ उचल असं मीच सांगितलं होतं तुला."

"प्रबंध तसाच दिला तर?" भाची हळूच म्हणाली. "तपासणारे चित्रं बघतील. चौऱ्याण्णव अळ्या आहेत. कोण लहान अळी आणायला जाणार आहे?"

निळा पोशाख मावशीच्याही डोळ्यांपुढे होता, आणि "देऊन टाक" हे दोन शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसले होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून ती उठली आणि काचा धुवायला लागली. नळ चालू होता. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून बघितलं तेव्हा भाची नऊ स्लाइडचा ट्रे दोन्ही हातांनी धरून सरांच्या खोलीकडे निघाली होती.

दार उघडंच होतं. मावशीला मोरीपाशी सगळं ऐकू येत होतं. आधी फक्त स्लाइड बदलल्याची टिकटिक. नऊ वेळा.

"हं," सर म्हणाले. मग पुन्हा, "हं." मग त्यांची खुर्ची कुरकुरली. "चौऱ्याण्णव अळ्या बघितल्या आपण. एकीचंही लहानपण बघितलं नाही." थोड्या वेळाने: "चूक तुमची एकटीची नाही. मी खुर्चीतून उठलो होतो, म्हणजे विचार करायला बसलो नव्हतो." आणि मग, "ही एका स्लाइडवर दोन डोकी कुणाची कल्पना?"

"मावशीची," भाची म्हणाली. चांगली मोठ्याने.

तिसरं प्रकरण गेलं. मुलाखतीच्या कॉलेजला भाचीने स्वतः पत्र लिहिलं, की प्रबंध दाखल झालेला नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. निळा पोशाख कपाटात घडी घालून ठेवला गेला. नवीन तिसरं प्रकरण लिहायला तीन महिने लागणार होते: वाळूत दात कसे झिजतात, किती दिवसांत झिजतात, आणि जात ठरवण्याआधी काय काय बघावं. सर म्हणाले, लोक वाचतील. किती लोक, ते म्हणाले नाहीत.

ताईचा फोन मावशीनेच घेतला.

"तू बोलली नसतीस तर कुणाला कळणार होतं?" ताई म्हणाली. रागावली नव्हती, थकली होती. "पोरीची नोकरी होती गं."

"ताई, कुणीतरी कधीतरी लहान अळी बघितलीच असती. तेव्हा ती नोकरीत असती, आणि मी नसते शेजारी."

मावशी कपाळ दुखतं का ते बघत होती. दुखत नव्हतं.

"जेवते ना ती नीट?" ताईने विचारलं.

"जेवते. कालपासून जेवते."

"आणि झोप?"

"झोपतेही. ताई, तू झोप."

नव्या प्रकरणाला शंभरेक स्लाइड लागणार होत्या. मावशीच्या अंगठ्याचा सांधा हल्ली सकाळी सुजायचा, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण भाचीने बघितलं असावं. एका सकाळी ती मावशीच्या आधी येऊन बसली होती. समोर फुटलेल्या काचांचा छोटा ढीग, टिपकागदावर जांभळे डाग, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी.

"किती फोडल्यास?"

"मोजायचं नाही ठरवलंय. बस इथे. नुसती बघ, बोलू नकोस."

मावशी बसली आणि बोलली नाही. भाचीने ग्रंथी थेंबात ठेवली. काच. टिपकागद. अंगठा ठेवताना तिचा खांदा वर आला. मावशीने बोटाने तो खाली दाबला, एवढंच. अंगठा सरळ खाली गेला. दोघींनी आळीपाळीने डोळा लावला. आखूड गुणसूत्राचं टोक थोडं दुमडलं होतं, पण चारही पसरली होती.

"चालेल?"

"चालेल."

भाचीने चिमट्याने डोकं उचललं आणि थांबली. "मावशी, कुठला कोपरा?"

दारात पहिल्या वर्षाची दोन मुलं वही घेऊन उभी होती. भाचीने मावशी म्हणून हाक मारली ती त्यांनी ऐकली, पण तिने आवाज खाली आणला नाही.

"उजवा," मावशी म्हणाली. "आणि उताणं ठेव, चिंगे."